एका थेंबाची इमारत

माईंची नस सापडत नाही, या गंभीर बाबीपासून सुरुवात करू.

माई म्हणजे माझ्या बहिणीच्या सासूबाई. त्यांना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत. रक्त फार पातळ होऊन चालत नाही आणि दाट राहूनही चालत नाही, म्हणून ते दर आठवड्याला तपासावं लागतं. लॅबची बाई यायची, दंडाला पट्टा आवळायची, चापट्या मारायची आणि सुई आत घालून चाचपत बसायची, जणू पलंगाखाली गेलेलं कानातलं शोधतेय. या हाताला नाही मिळालं की त्या हाताला. माईंचे दोन्ही हात जांभळे झाले होते. त्या ओरडायच्या नाहीत. त्या बाईला फक्त शांतपणे विचारायच्या, "तुला हे कुणी शिकवलं गं?" त्यानंतर ती सुई आणखीच भलतीकडे घालायची.

माईंचे चिरंजीव, म्हणजे आमचे भाऊजी, मोठ्या संस्थेत भौतिकशास्त्रज्ञ. पातळ पदार्थ अतिबारीक जागेतून कसे वाहतात, हा त्यांचा विषय. माझं पाइप आणि नळाच्या सामानाचं दुकान. म्हणजे आपला धंदा एकच, असं मी त्यांना ताईच्या लग्नाच्या बोलणीतच सांगितलं होतं. ते हसले नाहीत. भाऊजींना विनोद कळत नाही असं नाही. पण कुणी विनोद केला की ते तो खरा आहे का, हे तपासायला घेतात. पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

आईचे हात बघवेनात म्हणून या माणसानं पोस्टाच्या तिकिटाएवढी एक पारदर्शक रबरी चिप बनवली. तिच्यात केसाहून बारीक नाल्या. नाल्या हा शब्द माझा, ते 'वाहिन्या' म्हणतात. एका टोकाला रक्ताचा थेंब ठेवायचा. पंप नाही, वायर नाही, तो थेंब आपणहून आत ओढला जातो. दुसऱ्या बाजूनं रसायनाची धार येते आणि दोघं एकाच नालीतून शेजारीशेजारी जातात, अबोला धरलेल्या जावांसारखे, एकमेकांत न मिसळता. मग काठाकाठानं रसायन झिरपून रक्त गोठतं आणि जिथे थबकतं तिथला आकडा वाचायचा. झाली तपासणी.

प्रयोगाला बोटं लागली. भाऊजींनी स्वतःची संपवली, मग माझ्याकडे वळले. ताईनं चूल-भांड्याचं कारण सांगून आपली वाचवली. शेवटी माईंचं बोट. लॅबचा आणि चिपचा आकडा तंतोतंत जुळला. माईंनी बोटाच्या टोकावरचा तो ठिपका बघितला आणि लेकाचं कौतुक केलं, "एवढंच होतं, तर इतकी वर्षं काय झोपला होतास?"

डॉक्टरांनाही निकाल पटला. पण गोळी बदलायला ते तयार होईनात. त्यांचं म्हणणं अगदी रास्त होतं. मान्यता नसलेल्या यंत्राच्या बरोबर निकालावर गोळी बदलली, तर चूक डॉक्टरांची. मान्यता असलेल्या यंत्राच्या चुकीच्या निकालावर बदलली, तर चूक कुणाचीच नाही. तेव्हा मान्यता आणा, तोवर सुई चालू राहील.

मान्यता कार्यालयात मी बरोबर गेलो, कारण कुठल्या खिडकीत मान घालायची हे भाऊजींना कळत नाही. तिथले नमुना अधिकारी फार सज्जन. त्यांनी चिप रुमालावर ठेवली, भिंग लावून बघितली, प्रयोगही बघितला आणि समाधानानं मान डोलावली. मग म्हणाले, "छान. उरलेलं रक्त कुठं आहे?"

"उरत नाही," भाऊजी म्हणाले. "एकच थेंब लागतो. तो वापरला जातो."

"म्हणजे पुरावा तुम्ही नष्ट केलात."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

साहेबांनी समजावून सांगितलं. नियमाप्रमाणे नमुन्याचे चार भाग करायचे. एक तपासणीला, एक तक्रार आली तर तक्रारदाराला, एक तक्रार खोटी ठरली तर अपिलाला आणि एक कार्यालयाच्या कपाटाला. प्रत्येक भाग बाटलीत भरून वर लाखेचा शिक्का मारायचा. शिक्का बसायचा तर बाटलीचं तोंड रुंद हवं. बाटली अर्धी राहिली तर आत हवा राहते, म्हणून गळ्यापर्यंत भरायला हवी. आणि चारही भाग सारखेच हवेत, म्हणून यंत्रातही बाटलीभरच जायला हवं. थेंबाला मान्यता देता येत नव्हती, कारण थेंबावर शिक्का बसत नव्हता.

परतताना भाऊजी पार खचले होते. मी त्यांना हसवायला म्हणालो, "मग मोठं करा की यंत्र. पाइप माझ्या दुकानातून घ्या."

ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मागच्या गाडीवाल्यानं आमचा उद्धार केला. भाऊजी म्हणाले, "अर्ध्या इंचात येतो का?"

अर्ध्या इंची पाइपात रक्त आपणहून ओढलं जाईना, कारण ही गंमत फक्त केसाएवढ्या जागेतच चालते. म्हणून पंप आला. पंपानं मोटार आणली. मोटार तापली आणि रक्त शिजायला लागलं, म्हणून गार पाण्याची टाकी आली. टाकीच्या वजनानं टेबल बसलं, म्हणून सिमेंटचा चौथरा आला. मोठ्या पाइपात त्या दोन धारा आता शेजारीशेजारी जाईनात; जावांची जुंपली आणि नुसता फेस झाला. मग फेस नियंत्रण विभाग निघाला आणि त्याला प्रमुख नेमले गेले. माझ्या दुकानातला माल पोत्यापोत्यानं विज्ञानाकडे जाऊ लागला. मी भाऊजींना रोज एक नवा आगाऊ सल्ला द्यायचो आणि संध्याकाळपर्यंत त्याला पाइप जोडायची सहा इंची फ्लँज लागलेली असायची.

कमाल म्हणजे भाऊजींची बढती होऊ लागली. चिप होती तेव्हा संस्थेत त्यांना खुर्चीसुद्धा दुसऱ्याबरोबर वाटून घ्यावी लागायची. खिशात मावणाऱ्या कामाला टेबल कशाला, असा लेखा विभागाचा सवाल होता. आता यंत्राला खोली लागली, तसे ते वरिष्ठ शास्त्रज्ञ झाले. मजला लागला, तसे विभागप्रमुख झाले. शेवटी यंत्र गच्चीतून वर आलं आणि त्याच्याभोवती इमारत बांधावी लागली, तेव्हा त्यांना संचालक करण्यावाचून संस्थेकडे पर्यायच राहिला नाही. इमारतीवर पाटी लागली, 'सूक्ष्म प्रवाह भवन'. 'सूक्ष्म'मधला नुसता 'सू' माझ्या दुकानापेक्षा मोठा होता. उद्घाटनाचे पाहुणे टोप्या घालून एका पाइपात शिरले, चालत चालत दुसऱ्या टोकाला बाहेर पडले आणि कपडे झटकत त्यांनी विचारलं की यात सूक्ष्म नेमकं काय आहे. भाऊजी खोटं बोलत नाहीत. ते म्हणाले, "ज्या नावाखाली निधी आला, ते."

मान्यता लगेच मिळाली. चार बाटल्यांच्या जागी चार हौद भरत होते, आणि चारही हौदांवर लाखेचे शिक्के अगदी ऐसपैस बसले.

एक बारीकशी अडचण मात्र राहिली. एवढं रक्त एका माणसात नसतं. नमुना अधिकाऱ्यांनी तीही तर्कानं सोडवली. नमुना किती लागतो हे नियमात होतं, पण तो एकाच माणसाचा असावा असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. त्यामुळे एका गल्लीतल्या सगळ्यांचं रक्त एकत्र करायचं आणि निकालही गल्लीला एकच द्यायचा. 'आपल्या गल्लीचं रक्त किंचित दाट आहे. सर्वांनी अर्धी गोळी जास्त घ्यावी.' झालं.

तुम्हाला वाटेल लोक भडकले असतील. लोक खूश झाले. स्वतःच्या तब्येतीची काळजी वाटून घ्यायला सगळी गल्ली मिळाली, आणखी काय हवं? आमच्या बाजूचे लोक समोरच्या गल्लीच्या दाट रक्तावर टोमणे मारू लागले. भाड्याच्या जाहिरातींत 'हवेशीर खोल्या, पातळ रक्ताचा परिसर' असं छापून यायला लागलं. एका वरपक्षानं मुलीकडच्यांना, तिचा नाही, तिच्या चौकाचा रिपोर्ट मागितला. डॉक्टर मंडळी एकाच चिठ्ठीवर अख्खी गल्ली तपासून मोकळी होऊ लागली.

आणि माईंचं रक्त दंडातूनच जात राहिलं. सुई तीच, बाईही तीच, फक्त बाटली मोठी. गल्लीचं रक्त दाट निघालं म्हणून डॉक्टरांनी माईंच्या गोळ्या वाढवल्या. मग दात घासताना हिरडीतून रक्त येऊ लागलं. मग एका दुपारी शिंकेबरोबर नाकातून आलं ते थांबेचना. ताईनं ओला टॉवेल नाकाला धरून ठेवला आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "सगळ्या जगाचं रक्त तपासताय ना? आणि आपल्या आईचं तेवढं गल्लीत मिसळून आलात."

भाऊजी उठले. ते आतल्या खोलीत गेले आणि डबीतून जुनी चिप घेऊन आले. माईंच्या पायाशी बसून म्हणाले, "आई, बोट दे."

माईंनी मूठ वळली.

"देणार नाही," त्या नाकातून बोलल्या. "एवढ्याशा तुकड्यात काय कळणार? एवढी इमारत काय हौस म्हणून बांधलीस?"

"आई, ही चिप बरोबर आहे. इमारत चूक आहे."

"मला शिकवू नकोस. संचालक झालास तो इमारतीमुळे का चिपमुळे?"

भाऊजींनी हात जोडले. माणूस रडवेला झाला. गोळी तशीच चालू राहिली असती तर पुढची शिंक कुठवर गेली असती, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं; आणि माईंची मूठ काही सुटेना. आयुष्यात पहिल्यांदाच मला भाऊजींची मस्करी करावीशी वाटली नाही. म्हणून मी माईंची करायची ठरवली.

दुकानात एक लोखंडी कपाट होतं. त्यात मी पाण्याची जुनी मोटार बसवली, कशालाही न जोडता. बाहेरून दाब दाखवणारं घड्याळ, चाकाचा व्हॉल्व्ह, एक लाल दिवा, एक हिरवा. पुढे बोट घालायला भोक, आणि भोकाच्या मागे बसलेले भाऊजी, हातात सुई आणि चिप घेऊन. संचालक तिथे गुडघे पोटाशी घेऊन मावले. यंत्राला नाही तरी माणसाला सूक्ष्म व्हावं लागलं. माईंना आणलं. बटण दाबलं. कपाट असं गुरगुरलं की फळीवरच्या तोट्या खाली पडल्या. माईंनी दोन्ही दिवे नीट बघितले, घड्याळाचा काटा थरथरताना बघितला आणि आपणहून बोट आत घातलं.

"हं," त्या म्हणाल्या, "आता तपासल्यासारखं वाटतंय."

रक्त पाण्यासारखं पातळ झालेलं होतं. पण डॉक्टरांना मान्य यंत्राचा कागद हवा होता, म्हणून मी नमुना अधिकाऱ्यांनाच दुकानात बोलावलं. भाऊजी प्रामाणिक, त्यांनी कपाटाचं दार उघडून सरळ दाखवलं की आत दुसरं काही नाही, साहेबांनी नाकारलेली तीच चिप आहे. मी मनात म्हटलं, संपलं.

साहेबांनी वाकून बघितलं. म्हणाले, "मी चिप नाकारली होती. हे मान्यताप्राप्त भवनाचं उपकेंद्र दिसतंय. उपकेंद्राला वेगळी मान्यता लागत नाही."

"पण चार भाग? उरलेला नमुना?" भाऊजींनी विचारलं. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

"ते भवनात आहेतच की चार हौद," साहेब म्हणाले. मग त्यांनी बाहीचं बटण काढून ती वर सरकवली आणि लगेच खाली सोडली. त्यांचाही दंड माईंच्या दंडासारखाच जांभळा होता. "बोट यातच घालायचं ना?"

त्याच दिवशी माईंची गोळी कमी झाली. हळूहळू हिरड्या थांबल्या, नाक थांबलं, आणि हातांना पुन्हा हातांचा रंग आला. त्या आता शेजारणींना घेऊन येतात. भाऊजी सकाळी भवनात सह्या करतात आणि दुपारी माझ्या कपाटात बसून विज्ञान करतात. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं खूश बघितलं नव्हतं.

उपकेंद्राला तोबा गर्दी आहे. तक्रारही आहे, पण आवाजाची. पूर्वीसारखा घुमत नाही म्हणतात. त्यामुळे मोठी मोटार मागवली आहे.

तुम्हीही या. मोटार कशाला जोडलेली नाही, हे मी तुमच्यापासून लपवलेलं नाही. दिवे नुसते दिवे आहेत आणि मागे एक माणूस पोस्टाच्या तिकिटाएवढा रबराचा तुकडा धरून बसलाय, हेही आता तुम्हाला माहीत आहे. म्हणून काल वीज गेलेली असताना मी बाहेर ओळीत उभ्या असलेल्या सगळ्यांना म्हटलं, आत या, मोटारीशिवाय निकाल तोच येतो. तेव्हा त्या ओळीत सगळ्यात पुढे जे उभे होते, ही गोष्ट वाचलेले, समजलेले, वाचून हसलेलेसुद्धा, ते कपाटावरच्या घड्याळाचा थांबलेला काटा बघून म्हणाले, "नको, राहू द्या. मशीन चालू झाल्यावर येतो."