कॅमेऱ्याचं कुंकू

इंदूरकडच्या एका नर्सिंग कॉलेजात यंदा बुऱ्हाणपूरच्या सोजरबाई भाईदास महाजन, वय त्रेपन्न, शिक्षण चौथी, यांची निवड झाली.

असं काही झालेलं नाही. सिंधीपुऱ्यातल्या महाजनांच्या घरात खुद्द सोजरबाई सोडून सगळ्यांनी तसं ठरवलं आहे, तेव्हा आपणही ते पाळू आणि पहिल्यापासून सुरू करू.

सोजरबाईंचा थोरला, समाधान, बुधवारा मोहल्ल्यात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसायचा आणि स्वतःला शास्त्रज्ञ समजायचा. एका परदेशी कंपनीने कॉम्प्युटरची नवी ऑपरेटिंग सिस्टिम बाजारात आणण्याआधी ती वापरून बघायला माणसं मागवली होती. समाधानने अर्ज केला आणि निवडला गेला. कंपनीने कोणालाच नाही म्हटलं नव्हतं, पण हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

"तापीच्या दोन्ही काठांवर मिळून मी एकटा," तो जेवताना म्हणाला.

"एकटा काय?" भाईदासांनी विचारलं.

"टेस्टर."

"बरं," भाईदास म्हणाले.

भाईदास केळीवाले. बोलणं मोजकं. त्यांच्या 'बरं'चा अर्थ मंजुरीही व्हायचा आणि चपलेचा शोधही, आणि तो कुठला ते चप्पल येईपर्यंत कळायचं नाही. समाधान चोवीस वर्षांचा झाला होता तरी हा शब्द ऐकला की त्याचे तळपाय गार पडत.

कंपनीने चौदा पानं सूचना दिल्या होत्या. पहिल्याच पानावर ठळक लिहिलं होतं की, ज्या कॉम्प्युटरवर तुमचं काही महत्त्वाचं अवलंबून आहे, त्यावर ही सिस्टिम टाकू नये. समाधानला वाटलं, हे साध्या लोकांसाठी असावं.

घरात कॉम्प्युटर एकच, आणि त्यावर निशा अवलंबून होती. धाकट्या निशाची नर्सिंगची प्रवेश परीक्षा चार दिवसांवर आली होती. परीक्षा घरूनच, कॅमेऱ्यासमोर बसून, आणि नोंदवलेल्या कॉम्प्युटरवरच. हे तिचं तिसरं वर्ष. या खेपेला जमलं नाही तर लीलाधरकाकाच्या केळीच्या चिप्सच्या कारखान्यात पाकिटं सील करायला बसायचं, असं भाईदासांनी सांगून ठेवलं होतं. निशा एकदा तिथे दोन दिवस बसून आली होती. तिसऱ्या दिवशी तिने झोपेत उशी सील केली.

रविवारी सकाळी समाधानने नवी सिस्टिम चढवली. तेवढ्यात सोजरबाई कुंकवाची वाटी घेऊन आल्या. या घरात फ्रिज आला, पाण्याची मोटार आली, मिक्सर आला, कुंकू लागल्याशिवाय कोणी चालू झालं नव्हतं.

"नवीन आलं म्हणतो ना रे?"

"आई, मशीन जुनंच आहे. आतलं नवीन आहे."

"मग आतल्याला कुठून लावू?"

समाधानला विनोद सुचला. सगळं नुकसान इथून सुरू होतं. "हा बघ त्याचा डोळा," त्याने कॅमेरा दाखवला. "डोळ्याच्या वर कपाळ."

सोजरबाईंनी डोक्यावरून पदर घेतला, बोट ओलं करून कुंकवात बुडवलं आणि वाकल्या. कपाळ होतं अर्ध्या बोटाचं. कुंकू डोळ्यातच गेलं. त्याच क्षणी मशीनला मालकाचा चेहरा हवा झाला आणि आतून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "आपका नाम बताइए."

विचारणारी परकी बाई, तीही आपल्या घरी आलेली. सोजरबाईंनी नीट सांगितलं, "सोजरबाई भाईदास महाजन."

"स्वागत है, सोजरबाई भाईदास महाजन."

"चांगली आहे गं बाई," म्हणून सोजरबाई वाटी घेऊन गेल्या.

समाधानला यात भीतीसारखं काही दिसलं नाही. भीती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. मशीन त्याला उघडेना. निशाला उघडेना. आईला समोर बसवलं, तरी उघडेना, कारण त्याने मधल्या वेळात कॅमेरा पुसून ठेवला होता. शेवटी त्याने काचेवर पुन्हा कुंकू लावलं. मशीन म्हणालं, "स्वागत है."

मशीनला आई कळलेलीच नव्हती. त्याला पदर कळला होता आणि मधोमध एक लाल गोळा.

आधीच्या सिस्टिमवर परत जायचं बटण होतं. त्याखाली लिहिलं होतं : ही सोय लवकरच येत आहे. सिस्टिमची आणखी एक खास सोय मात्र आलेली होती. कुठलाही फॉर्म पाठवताना ती मालकाचं नाव आणि फोटो आपणहून भरायची. समाधानने तिला कौतुकाने पाच चांदण्या दिल्या होत्या.

"भैया," सगळं ऐकून निशा अगदी हळू आवाजात म्हणाली, "कसम से, मी पाकिटं सील करायला बसले ना, तर पहिल्या पाकिटात तुला भरीन."

"बाबांना सांगायचं का?"

"तूच सांग. तू टेस्टर आहेस."

कोणी सांगितलं नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळी दहा वाजता निशा आईची हिरवी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन बसली. मशीन दर पाच मिनिटांनी मालक तपासायचं, म्हणून पदर हलून चालणार नव्हतं. पंखा बंद केला. बाहेर मे महिना होता. समाधान टेबलाखाली बसला आणि पदराचं टोक दोन्ही हातांनी धरून राहिला. तिथून त्याला जगातलं फक्त पायांपर्यंतचं दिसत होतं. परीक्षेवर नजर ठेवणाऱ्या मॅडम कुठल्यातरी लांबच्या शहरातून बोलत होत्या.

"आपका कैमरा गंदा है. साफ कीजिए."

काच पुसली की मशीन बंद. नाही पुसली तर परीक्षा बंद.

"मॅडम, वो कुंकू है," निशा म्हणाली.

"जो भी है, पोंछ दीजिए."

दारामागे उभ्या सोजरबाईंना एवढं हिंदी पुरलं. कुंकू पुसा, असं घरात येऊन कोणी सांगावं? त्या दारामागूनच बोलल्या, "काय म्हणते ती? कुंकू पुसा? माझा नवरा काय मेला आहे?"

"वहाँ कौन बोल रहा है?" मॅडम म्हणाल्या. "कमरे में दूसरा कोई नहीं होना चाहिए. यह पहली चेतावनी है."

"मॅडम, हमारे यहाँ कुंकू पोंछते नहीं," निशा घाईने म्हणाली. "अपशकुन होता है. आदमी जिंदा हो तब तक नहीं पोंछते."

"किसका आदमी?"

समाधानने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा त्याला समोर दोन पाय दिसले. केळीच्या बागेतला चिखल घोट्यांपर्यंत वाळलेला. भाईदास पाणी सोडून घरी आले होते आणि सोजरबाईंनी दंडाला धरून त्यांना आत लोटलं होतं.

"बघा," सोजरबाई म्हणाल्या. "हा काय. धडधाकट."

पाय स्थिर उभे राहिले. वर काय चाललं होतं ते समाधानला दिसत नव्हतं, पण अंदाज होता : बायकोची साडी नेसलेली मुलगी, मशीनच्या डोळ्यात कुंकू, आणि आतून एक परकी बाई आपल्याला निरखते आहे. एक पाय जरा मागे सरकला. टेबलाखाली भाईदासांचं तोंड आलं. बापलेकांची नजरानजर झाली. समाधानच्या हातात पदर होता.

"बरं," भाईदास म्हणाले.

चोवीस वर्षांत इतकं लांब 'बरं' समाधानने ऐकलं नव्हतं.

मॅडमचा आवाज बदलला. "ठीक है. मेरी सास भी नहीं पोंछने देतीं. पिताजी बाहर जाएँ. समय शुरू होता है."

दोन तास निशा घामाच्या धारांत उत्तरं देत गेली. समाधानच्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या, पुढे तर मुंग्याही कंटाळून गेल्या. पण पदर तसूभर हलला नाही. पेपर पाठवला गेला. निशा हसली. भाईदासांनी त्या दिवशी चप्पल शोधली नाही आणि समाधानला ते जास्त भीतीदायक वाटलं.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. निशा भाईदास महाजन : अनुपस्थित. सोजरबाई भाईदास महाजन : दोनशेपैकी एकशे एकेचाळीस, निवड झाली. पाच चांदण्यांच्या सोयीने आपलं काम चोख केलं होतं. निशा तासभर भिंतीकडे बघत बसली. समाधानने परीक्षा कार्यालयाला फोन लावला, तर तिकडच्या माणसाने शांतपणे सांगितलं की, पेपराचा फोटो उमेदवाराच्या फोटोशी जुळतो. लाल आहे, पदर आहे. तक्रार करणारे आपण कोण?

सोजरबाईंनी तोवर गल्लीत मिठाई म्हणून दराबा वाटला होता. "चौथीत पण मी पहिली होती," त्या सांगत होत्या. संध्याकाळी त्यांनी कपाटातून पिशवी काढली आणि कॉलेजात पांढरी साडी देतात की आपली न्यायची, असं विचारलं.

"आणि भाकरी कोण करील?" भाईदास म्हणाले. घाबरलेला माणूस कसा दिसतो, ते समाधानने इतकी वर्षं आरशातच पाहिलं होतं. आता समोर पाहिलं.

त्याच रात्री घरात, असं काही झालेलंच नाही, हा वर सांगितलेला ठराव झाला, आणि समाधानने भाईदासांच्या देखरेखीखाली पुढील अर्ज लिहून रवाना केला :

प्रति, मा. परीक्षा नियंत्रक महोदय.
विषय : आई नापास करणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराची आई सौ. सोजरबाई या आपल्या परीक्षेस बसलेल्या नसून दारामागे उभ्या होत्या. तरी त्यांना सन्मानपूर्वक नापास करून त्यांचे एकशे एकेचाळीस गुण वारसाहक्काने कन्या कु. निशा हिच्या नावे वर्ग करण्यात यावेत. आई हयात आहेत. त्यांची या अर्जास हरकत आहे. ती कृपया विचारात घेण्यात येऊ नये, ही विनंती.