खैरनारकाकांच्या दोन रिंगा

लाइट गेली की आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीतले लोक मेणबत्ती शोधत. समोरच्या ब्लॉकमधले खैरनारकाका फोन उचलत. रिसीव्हर कानाला लावून क्षणभर ऐकत, मग गॅलरीत येऊन तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करत, "टोन आहे." एवढं सांगून आत जात. मेणबत्ती त्यांच्याकडे बहुतेक नसायचीच.

काका शाळेत शास्त्र शिकवून रिटायर झालेले. काकू जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. घरात ते आणि त्यांचा लाल, बोट घालून फिरवायचा फोन, एवढीच दोन माणसं. फोनला माणसांत मी धरलेलं नाही, त्यांनीच धरलं होतं. "ह्याची वीज माहेरची असते," ते समजावून सांगत. "एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्या असतात. तिथनं तारेतून येते. सासरी लाइट असो, नसो, ह्याला काही फरक पडत नाही."

मी हौसेनं कॉर्डलेस घेतला तेव्हा ते खास बघायला आले. उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "लाइट गेल्यावर हा काय करतो?"

"बंद पडतो."

"मग हा फोन नाही. हा मिक्सर आहे." आणि चहा न घेता गेले.

पुढे मी इंटरनेट घेतलं. तेव्हा ते फोनच्याच तारेवरून चाले आणि फोन एंगेज लागे. तासाभरात काका दारात. "तुमच्याकडे कोणी आजारी आहे का? इतका वेळ कोणाशी बोलताय?" मी सांगितलं, बोलत नाही, क्रिकेटचा स्कोअर बघतोय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी खरंच स्कोअर बघायचा सोडला. पुढे ब्रॉडबँड आलं. पण तोवर लोडशेडिंग येऊन घरचं झालं होतं. दिव्यांबरोबर मॉडेमही डोळे मिटायचा. "चांगलं आहे हो तुमचं नेट," काका म्हणायचे, "पण प्रकृती फार नाजूक."

पावसाळ्यात त्यांचा मुक्काम गॅलरीत. त्र्यंबकच्या बाजूनं आभाळ भरून आलं की स्टूल घेऊन खाली उतरायचे आणि कोपऱ्यावरच्या खांबावरचा टेलिफोनचा डबा गुंडाळायचे. त्यासाठी निफाडचे एक जुने विद्यार्थी त्यांना द्राक्षाच्या पेट्यांतला प्लास्टिकचा कागद आणून द्यायचे. चार महिने तो डबा निर्यातीला निघाल्यासारखा दिसे. फोनमधली खरखर ऐकून ते निदानही करायचे. "ही डब्यातली नाही. ही जमिनीखालची आहे. दोन दिवस ऊन पडू दे." आणि दोन दिवस ऊन पडल्यावर खरखर जायची, हे कबूल करायला हवं.

लाइट गेली की आम्ही सगळे फोन करायला त्यांच्याकडेच जायचो. त्यांना त्याचा केवढा आनंद. सतरंजी अंथरायचे, रांगेत बसवायचे, पाणी विचारायचे. मात्र साडेसात वाजले की माणूस बदलायचा. एकदा माझी बायको सुनंदा तिच्या आईशी बोलत होती. काका आधी खाकरले. मग त्यांनी बॅटरीचा झोत घड्याळावर टाकला, मग सुनंदाच्या तोंडावर. शेवटी रिसीव्हर तिच्या हातातून घेऊन "आजी, बाकीचं उद्या" असं स्वतःच सांगून फोन ठेवून दिला.

सात-चाळीसला फोन वाजला. एकदा, दोनदा, आणि थांबला. काका मांडीवर हात ठेवून नुसते बसून होते.

"काका, उचला की."

"हा उचलायचा नसतो."

पाच मिनिटांनी त्यांनी कुठलासा नंबर फिरवला, थोडं ऐकलं आणि न बोलता ठेवून दिला. सुनंदानं घरी आल्यावर स्वतःच्या डोक्याकडे बोट नेऊन मला खूण केली.

त्या खुणेची मला पुढे लाज वाटली. झालं असं, की एका श्रावणात सलग दोन दिवस पाऊस कोसळला. लाइट गेली ती आलीच नाही. कोपऱ्यावरच्या गुलमोहराची फांदी तारेवर पडली आणि सोसायटीतले सगळे फोन मुके झाले. माझ्या मोबाइलचा टॉवरही संध्याकाळपर्यंत गेला. काका गॅलरीत आले नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदा टोन नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्कूटर काढून पावसातच पगारे लाइनमनच्या घरी गेले आणि त्याला मागे बसवून घेऊन आले. पगारे खांबावर शिडी लावून चढला. शेजारी डायनिंग टेबल, त्यावर स्टूल, त्यावर काका, आणि काकांच्या हातात पगारेच्या डोक्यावर धरलेली छत्री. काकांचे पाय धरायला मी.

"साहेब, तुम्ही उतरा, मी भिजलो तर भिजलो," पगारे म्हणाला.

"तू भीज रे. जोड भिजता कामा नये."

मी खालून म्हटलं, "काका, एवढी घाई असेल तर बूथवरून करू ना फोन. मी नेतो तुम्हाला."

"मी बूथवरून करीन. तिची रिंग कुठं येणार? बूथवर?"

"कोणाची?"

 छत्री हलू न देता, माझ्याकडे न बघता काकांनी सांगितलं. सटाण्याला त्यांची थोरली बहीण, आक्का. एकटीच असते. दोघं फोनवर बोलले की हमखास भांडतात, आणि भांडण एकच. लहानपणी आईची लोणच्याची बरणी फुटली होती, ती कोणी फोडली? आक्का म्हणते यानं, हे म्हणतात तिनं. पन्नास वर्षांत निकाल लागलेला नाही. शेवटी दोघांनी ठरवलं, की बोलायचंच नाही. सात-चाळीसला तिच्या दोन रिंगा, पावणेआठला यांच्या दोन. आहोत, एवढं कळलं की झालं.

"तार इथं तुटली आहे," काका म्हणाले. "तिकडं तिला रिंग गेल्यासारखीच ऐकू येते. काल तिनं दिली असणार. माझी परत गेली नाही. तिनं काय समजायचं?"

मी त्यांचे पाय आणखी घट्ट धरले.

सातच्या पुढे पगारेनं जोड दिला. काका ओल्या कपड्यांनी वर धावले, पाठोपाठ मी आणि पगारे. टोन होता. जाहीर करायचं त्यांना सुचलं नाही.

"तुम्हीच लावा आता," मी म्हटलं.

"पहिली रिंग तिची. मोठी आहे ती. आणि लावून काय? ती उचलणार थोडीच."

सात-चाळीस झाले. फोन गप्प. पंचेचाळीस झाले. पगारे बॅटरी धरून उभा होता, त्याचा हात अवघडला पण त्यानं तो बदलला नाही. मला खरोखर भीती वाटायला लागली होती.

आणि फोन वाजला. एकदा. दोनदा. काकांनी श्वास सोडला. तेवढ्यात तो तिसऱ्यांदा वाजला.

काका दचकून उठले, पण हात पुढे जाईना. तिसऱ्या रिंगेचं काय करायचं ते त्यांचं ठरलेलंच नव्हतं. चौथी झाली, पाचवी झाली. "काका, तीच असेल," म्हणत मी रिसीव्हर उचलून त्यांच्या कानाशी धरला.

आक्काचा आवाज असा खणखणीत, की आम्हाला दोघांनाही ऐकू आला. "काल तुनी रिंग नही उनी. जित्ता शे ना?"

"शे," काका म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांना अहिराणी बोलताना मी ऐकलं नव्हतं. "तू कशी शे?"

"बरी शे. लाइट शे का तठे?"

"नही."

"आठेबी नही."

 मग नुसता तारेतला पाऊस ऐकू येत होता. शेवटी आक्काच म्हणाली, "पन बरनी तूच फोडी."

मी डोळे मिटून घेतले. पगारेनं बॅटरी खाली केली.

"हा," काका म्हणाले. "मीच फोडी."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि फोन ठेवला गेला.

काका रिसीव्हर धोतरानं पुसत बसले. धोतर चिंब ओलं होतं, त्यामुळे रिसीव्हर जास्तच भिजत होता.

"काका, खरंच तुम्ही फोडली होती?"

"छे. तिनंच फोडली. माझ्या डोळ्यांसमोर." त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला, नीट बसला आहे ना ते पाहिलं. "पण एवढ्या पावसात, अंधारात म्हातारीनं तिसरी रिंग दिली. तिथं मी बरणी घेऊन बसू?"