गारुम आणि कागदी ताटल्या

न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावी, तिथल्या मराठी संस्कार मंडळात प्रत्येक घराने एकेक पदार्थ करून आणायचा, असा नियम होता. कांचनने कागदी ताटल्या आणायच्या, हा त्याचा पोटनियम. कांचन इस्पितळात नर्स, मूळची रेवदंड्याची. तिच्या घरी मासळी शिजते, तेव्हा तिच्या भांड्यांना वास येत असणार, असं कार्यकारिणीचं मत होतं. वास घेऊन कुणी पाहिला नव्हता. आपल्या हातचं काहीतरी एकदा तरी त्या टेबलावर आपल्या नावानिशी दिसावं, एवढंच तिला हवं होतं. दरवेळी ताटल्या मोजून देताना तिला रडू यायचं.

१९९६ साली अध्यक्ष डॉक्टर विवेक इटलीतल्या परिषदेला गेले आणि अर्धे रोमन होऊन परतले. गावच्या कौन्सिलच्या गोऱ्या पाहुण्यांना 'प्राचीन रोमचं जेवण' द्यायचं ठरलं. त्यात मानाचं पान गारुमचं, म्हणजे मिठात घातलेली मासळी दोन-तीन महिने उन्हात मुरवून काढलेल्या अर्काचं.

"पण आपलं मंडळ व्हेज आहे," चिटणीस सुलेखाताई म्हणाल्या.

"हा मासा नाही सुलेखाताई, ही हिस्टरी आहे," डॉक्टर म्हणाले.

ठराव मांडला गेला : दोन हजार वर्षांपूर्वीच्या पाककृतीतला मासा शाकाहारी धरण्यात यावा. एकमताने मंजूर.

डॉक्टरांनी गॅरेजच्या छपरावर बरणी ठेवली. अप्पर हटच्या उन्हाने दगा दिला आणि बरणीत अळ्या पडल्या. जेवण तोंडावर आलेलं. सुलेखाताईंनी कांचनला फोन लावला.

"कांचन, तुझ्याकडे तसलं काहीतरी असतं ना गं?"

होतं. आई करायची तसंच, बारीक मासळी मिठात दाबून सुटलेलं पाणी. आई गेल्यापासून कांचन ते स्वतः घालत असे आणि थेंबाथेंबाने वापरत असे.

"देते. फक्त बाटलीवर माझं नाव लिहा."

"अगं, लिहिणारच! हा काय प्रश्न झाला?"

जेवणाच्या दिवशी बाटलीवर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं : 'गारुम. संशोधन : डॉ. विवेक.' पाहुणे "स्वीट अ‍ॅज!", म्हणजे तिकडच्या भाषेत 'झकास!', म्हणत बोटं चाटत होते. सुलेखाताईंनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. मग डॉक्टर भाषणाला उभे राहिले.

"रोमन लोक फार सुसंस्कृत. वास नको म्हणून गारुमचे कारखाने ते गावाबाहेर ठेवत, चव तेवढी गावात आणत."

टाळ्या पडल्या. दाराशी ताटल्या घेऊन उभ्या असलेल्या कांचनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"डॉक्टर, ते मासळीचं पाणी आहे. पोरिरुआच्या धक्क्यावरची मासळी, माझ्या घरच्या लाँड्रीत, वॉशिंग मशीनशेजारी मुरलेली. माझ्या आईची रीत."

सुलेखाताई चुळा भरायला धावल्या. पाहुण्यांनी मात्र बाटली निपटून काढली.

दुसऱ्याच दिवशी कार्यकारिणी बसली. निष्कर्ष निघाला की गारुमने कुणाचाही धर्म बुडालेला नाही, तो कांचनच्या बोलण्याने बुडाला. सबब, पुढच्या वर्षी तिने बाटली आणि ताटल्या दोन्ही आणाव्यात, आणि बोलू नये.

"आता ताटल्याही नाहीत," कांचनने कळवलं आणि मंडळ सोडलं.

तेव्हापासून तिथे एक जागा रिकामी आहे. ज्या वाचकाचं नाक 'गारुम' वाचताना जागच्या जागी राहिलं आणि 'मासळीचं पाणी' वाचताना मुरडलं, त्याने अर्ज करण्याची गरज नाही. त्याला सभासद करून घेतलेलंच आहे. येताना तेवढ्या कागदी ताटल्या आणाव्यात.