उदगीरला विमान कधी येणार?

बालाघाट एअरवेज बुडाली तेव्हा तिचं एकुलतं एक विमान छोट्या भागधारकांनी आळीपाळीने आपापल्या घरी सांभाळायचं ठरवलं, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते उदगीरला प्रमिलाबाई निटुरे यांच्याकडे मुक्कामाला यायचं होतं.

भंगारवाल्याने लावलेला भाव वाटून घेतला असता तर एकेकाच्या वाट्याला एसटीचं तिकीटसुद्धा आलं नसतं. शेवटच्या सभेत जालन्याचे एक गृहस्थ उठून म्हणाले, की म्हाताऱ्या आईवडलांना पोरं आळीपाळीनं सांभाळतातच की, मग ह्यालाच का नाही? बुडालेल्या कंपनीची निरवानिरव करायला नेमलेल्या अवसायकांनी कायद्याची पानं उलटून पाहिली. मनाई कुठेच नव्हती. त्यांनी अट तेवढी एक घातली. अख्खं विमान, शेपटीसकट, रात्रभर भागधारकाच्या छपराखाली राहिलं पाहिजे. एका जरी घरी ते पुरतं मावलं नाही, तर दुसऱ्या दिवशी थेट भंगारात.

उदगीरची पाळी येईतोवर कुणीही हात वर केले नव्हते. परळीच्या डॉक्टरांनी ते दवाखान्यात पेशंटच्या बाकांमध्ये झोपवलं होतं. अहमदपूरच्या मास्तरांकडे ते नेमकं मुलीच्या साखरपुड्याला आलं, आणि नवऱ्याकडच्या मंडळींनी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतले. इंधनाचा खर्च कुणीच मंजूर न केल्यामुळे विमान एका गावाहून दुसऱ्या गावाला पायी जात असे. रस्त्याच्या डाव्या बाजूने, बैलगाड्यांना वाट देत.

प्रमिलाबाईंचं घर म्हणजे पुढेमागे दोन खोल्या आणि पत्र्याची पडवी. बाई कन्याशाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे मापाला पक्क्या. त्यांनी टेप घेऊन सगळं घर मोजून काढलं. नाक स्वयंपाकघरात मांडणीखाली जाईल. पोट माजघरात. शेपूट पडवीत, पत्रा जरा उचलून. डावा पंख न्हाणीवरून मागच्या छपरात. उजवा पंख मात्र कसाही फिरवला तरी भिंतीपलीकडे निघत होता, आणि भिंतीपलीकडे त्यांचे दीर वैजनाथराव राहत होते.

इथे घोडं अडलं होतं. वाटणी झाली तेव्हा दोन्ही घरांमधली खिडकी वैजनाथरावांनी विटा रचून बंद करून घेतली होती, आणि तेव्हापासून प्रमिलाबाईंनी त्यांच्याकडे वाटीभर साखरही मागितली नव्हती. बाई तशा ताठ. पण त्याहून मोठं कारण म्हणजे ते हसणं.

बाईंचे यजमान माणिकराव. कंपनी निघाली तेव्हा त्यांनी तिचे शेअर घेतले, कारण कंपनीने छापलेल्या नकाशात उदगीरवर एक लाल ठिपका होता. दरवर्षी ते इस्त्रीचा सदरा घालून पुण्याला सभेला जायचे आणि माईक हातात आला की एकच प्रश्न विचारायचे, ‘‘उदगीरला विमान कधी येणार?’’ अध्यक्ष म्हणायचे, ‘‘पुढच्या वर्षी.’’ सभागृह हसायचं. मग माणिकराव सभेत मिळालेला खाऊचा डबा न उघडता घरी आणायचे आणि त्यातला अर्धा पेढा, अर्धं सँडविच भावाला द्यायचे. वैजनाथराव पेढा तोंडात टाकायचे आणि विचारायचे, ‘‘मग, काय म्हणला तुमचा अध्यक्ष?’’ ‘‘पुढच्या वर्षी,’’ माणिकराव सांगायचे, आणि सगळी गल्ली पोट धरून हसायची. गल्लीने त्यांचं नाव विमानराव ठेवलं होतं. त्याच नावाने ते गेले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या वेळेला विमान गल्लीच्या तोंडाशी आलं. सोबत अवसायकांचे प्रतिनिधी खर्शीकर होते, काखेत फाइल, पायात धुळीने माखलेले बूट. प्रमिलाबाईंनी चाकांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि विमानाला आत घेतलं. नाक गेलं. पोट गेलं. डावा पंख गेला. उजवा पंख भिंतीशी येऊन थांबला.

‘‘हा पंख बाहेर राहतोय,’’ खर्शीकर म्हणाले. ‘‘बाहेर राहिला तर मला तसं कळवावं लागेल.’’

‘‘राहणार नाही,’’ बाई म्हणाल्या, आणि शेजारच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

वैजनाथराव तयारीतच होते. ‘‘वहिनी, पंख माझ्या हद्दीत यायलाय. मला कुणी इचारलं का? उद्या भिंतीला तडा गेला तर कोण बघणार?’’

‘‘भाऊजी, मी इचारायला आले नाही. सांगायला आले. ती खिडकी उघडा.’’

‘‘का म्हणून उघडू?’’

‘‘तुमच्या भावानं पुण्याचा पेढा एक वर्षबी एकट्यानं खाल्ला नाही म्हणून.’’

सबंध गल्ली तिथे गोळा झालेली, आणि मधोमध वैजनाथराव नुसते खांद्यावरचा पंचा सारखा करत राहिले. मग हळूच म्हणाले, ‘‘उघडतो. पण फुकटचा पंख मी घरात घेणार नाही. मला एक शेअर द्या. ठेवीन ते मालक म्हणून ठेवीन.’’

प्रमिलाबाईंनी खर्शीकरांकडे पाहिलं.

‘‘हस्तांतरणाला हरकत नाही,’’ खर्शीकर म्हणाले. ‘‘मात्र मुक्कामाआधी झालं पाहिजे. शिवाय छप्पर भागधारकाचं हवं, ही अटही त्यामुळे पाळली जाते. उलट मी तेच सुचवणार होतो.’’

पडवीतल्या शिलाई मशीनवर कागद ठेवून सह्या झाल्या. वैजनाथरावांनी स्वतःच्या हाताने खिडकीच्या विटा काढल्या, आणि उजवा पंख सावकाश त्यांच्या बैठकीत शिरून टीव्हीच्या वर जाऊन टेकला. त्याचं टोक थंड लागतंय म्हणून त्यांनी त्यावर आपली चादर घातली. मालिका लावली नाही, उजेडाचा त्रास होईल म्हणून. बघायला आलेल्या लोकांना ते दारातूनच परत पाठवत होते. ‘‘सकाळी या. दमून आलंय ते.’’ आणि फोनवर लेकीला सांगत होते, ‘‘आपल्याकडं पंख हाय, पंख. अगं आपलाच. मालकीचा.’’

भिंतीपलीकडून प्रमिलाबाईंना सगळं ऐकू येत होतं. त्यांना हसू आलं, आणि त्यात राग जराही नव्हता याचं त्यांनाच नवल वाटलं.

सकाळी खर्शीकरांनी नाकापासून शेपटीपर्यंत फिरून पाहिलं, पंखांवर हात ठेवून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘मुक्काम पूर्ण.’’ बाईंनी जमलेल्या प्रत्येकाच्या हातात खाऊचा डबा दिला. चिवडा, अर्धं सँडविच आणि अख्खा पेढा. सभेला शोभेल असाच. खर्शीकरांनी पेढा खाल्ला, रुमालाने बोटं पुसली आणि नियमाप्रमाणे विचारलं, ‘‘भागधारकांचे काही प्रश्न?’’

वैजनाथराव उठले. त्यांनी टोपी घातली होती आणि सदऱ्याला इस्त्री होती.

‘‘मी वैजनाथ निटुरे. शेअर एक. सगळ्यात आधी नाष्ट्याची सोय उत्तम केल्याबद्दल अभिनंदन.’’ त्यांनी टोपी काढून हातात घेतली. ‘‘माझा प्रश्न नवा नाही. माझ्या भावाचाच हाय. उदगीरला विमान कधी येणार?’’

खर्शीकरांनी विमानाकडे पाहिलं, फाइलमध्ये पाहिलं, पुन्हा विमानाकडे पाहिलं. चुकीचं उत्तर देणाऱ्यांतले ते नव्हते.

‘‘उदगीरला विमान आलेलं आहे,’’ ते म्हणाले.

टाळ्या अशा पडल्या की चौकातले दुकानदार गल्लीत धावत आले. प्रमिलाबाईंचा ऊर अभिमानाने भरून आला. नवरा गेल्यावर त्या चारचौघांत कधी रडल्या नव्हत्या. आज रडल्या आणि डोळे पुसले नाहीत. बघू देत सगळ्यांना.

विमान मागे सरकत गल्लीत आलं. बाईंनी त्याच्या नाकाला हळदकुंकू लावलं, पुढच्या चाकावर दही ठेवलं, आणि पंखाच्या टोकावर राहिलेली वैजनाथरावांची चादर तशीच राहू दिली. पुढचा मुक्काम देगलूरला होता. तिथे तर म्हणे घराला पडवीच नाही, पण तिथल्या भागधारकांनी शेजाऱ्यांशी बोलून ठेवलं होतं.

विमान वळायला लागलं तशा बाई खर्शीकरांच्या मागे दोन पावलं गेल्या. ‘‘साहेब, आता परत कधी?’’

खर्शीकर थांबले. उरलेल्या भागधारकांची त्यांनी बोटांवर मोजदाद केली, चुकल्यासारखी वाटली म्हणून पुन्हा केली.

‘‘पुढच्या वर्षी,’’ ते म्हणाले.

गल्लीत कुणीही हसलं नाही.