पहिली चूक आणि तिचं वऱ्हाड

सकाळी साडेसहाला आंघोळ आटोपून, कपाळाला अष्टगंध लावून, नाना चौधरी आपल्या ओट्यावर बसतात आणि खड्या आवाजात चुका वाचतात. चुका त्यांच्या नव्हेत, संगणकाच्या. आदल्या दिवशी जगाच्या पाठीवर कुठेतरी कुणाचं तरी काम अडलेलं असतं. त्याचा संगणकाने दिलेला सविस्तर वृत्तान्त नानांनी कागदावर छापून घेतलेला असतो आणि तो ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एका लयीत म्हणतात. जळगावच्या आमच्या कॉलनीत मी नवी राहायला आले, तेव्हा आठवडाभर मी ती पोथीच समजत होते. दुधाची पिशवी घेऊन परतणाऱ्या एक आजी अजूनही रोज त्या ओट्यासमोर थांबून हात जोडतात. त्यांना खरं काय ते सांगण्याचं धैर्य अद्याप कुणाला झालेलं नाही.

नाना भुसावळला रेल्वेत सिग्नलच्या देखभालीवर होते. बिघाडाचा अहवाल फोनवर वरिष्ठांना मोठ्याने वाचून दाखवण्यात त्यांची तीस-बत्तीस वर्षं गेली. ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. साठी उलटल्यावर ते प्रोग्रॅम लिहायला शिकले आणि एका लायब्ररीच्या नादी लागले. देशोदेशींच्या माणसांनी मिळून लिहिलेला, कुणालाही फुकट वापरता येणारा असा तो प्रोग्रॅमचा संग्रह आहे. त्यात साधा मजकूर घातला की ब्रेलचे ठिपके बाहेर येतात. मराठी जोडाक्षरांचे नियम त्यात नानांनी बसवले. पण त्यांचं खरं वेड निराळंच आहे. असा संग्रह प्रत्येकाला आपापल्या संगणकावर आधी बांधून घ्यावा लागतो. त्याला बिल्ड म्हणतात. हे बांधकाम शंभर कारणांनी कोसळतं, आणि जिथे कोसळेल तिथे नाना हजर होतात.

त्यांचा पहिला सिद्धान्त असा: "पहिली चूक खरी, बाकीचं वऱ्हाड." संगणक चारशे चुका दाखवतो तेव्हा लोक शेवटची चूक वाचून घाबरतात. नाना म्हणतात, नवरदेव सोडून मंडपातल्या शेवटच्या पाहुण्याची चौकशी कशाला करायची?

दुसरा सिद्धान्त हा एक प्रश्न आहे. "शेवटचं काय बदललं?" हा प्रश्न ते सर्वांना, सर्व प्रसंगी विचारतात. मागच्या हिवाळ्यात मला ताप आला. नाना समाचाराला आले, कपाळावर हातही न ठेवता खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "ताई, शेवटचं काय बदललं?" मी आठवून आठवून सांगितलं की उशी बदलली. त्यांनी ती गंभीरपणे वहीत लिहून घेतली.

'चालत नाही' हे शब्द त्यांच्यापुढे उच्चारायची सोय नाही. "ही तक्रार नव्हे, हा सुस्कारा झाला," असं म्हणून ते माणसाला परत पाठवतात. कॉलनीचा पाण्याचा पंप बंद पडला तेव्हा आमच्या सेक्रेटरींना त्यांनी तीन वेळा परत पाठवलं होतं. चौथ्या वेळी सेक्रेटरी लेखी अहवाल घेऊन आले आणि लिहिता लिहिता त्यांचं त्यांनाच सापडलं होतं की वीजमीटरच्या कामासाठी कुणीतरी मुख्य बटण बंद केलं होतं.

परदेशातल्या मुलांना नाना जी उत्तरं लिहितात, ती रेल्वेच्या पत्रव्यवहाराच्या वळणाची असतात. एकाने त्यांना 'ब्रो' म्हणून हाक मारली. नानांनी उत्तर धाडलं: 'प्रिय ब्रो, आपली तक्रार प्राप्त झाली. कार्यवाही सुरू आहे.' इंग्रजीत, पण अगदी याच थाटात.

त्यांच्याकडचा चहा हा तर धीराचा विषय आहे. रंग जरा उणा वाटला, आल्याचा वास हवा तसा उठला नाही, की ते दुरुस्ती करत नाहीत. सगळा चहा ओतून देतात, पातेलं घासतात, कोरडं पुसतात आणि नव्या पाण्यापासून आरंभ करतात. "अर्धवट जुनं, अर्धवट नवं ठेवलं की चूक सापडत नाही," हे त्यामागचं शास्त्र. तिसऱ्या खेपेचा चहा मात्र असा उतरतो की त्याची चव संध्याकाळपर्यंत टाळूवर रेंगाळते.

तर अशा या नानांना मे महिन्याच्या अखेरीस धुळ्याहून रेखा पाटलांचा फोन आला. रेखाताई तिथल्या एका अंध मुलांच्या शाळेत शिकवतात. त्या स्वतःही जन्मापासून पाहू शकत नाहीत. शाळेचा जुना संगणक बंद पडून नवा आला होता. दुसरीच्या अकरा मुलांसाठी मराठीचं वाचनपुस्तक ब्रेलमध्ये छापायचं होतं, त्याचा मजकूर नानांनी माझ्याकडून तपासून घेतला होता, आणि त्यांनी पेन ड्राइव्हवर पाठवलेली लायब्ररी त्या संगणकावर बांधलीच जात नव्हती. पुस्तक झालं नाही, तर शाळा उघडल्यावर मुलांनी नुसतं ऐकायचं, वाचायचं नाही, असा अर्थ होता. रेखाताई म्हणाल्या, "नाना, ऐकून पाठ होतं हो. पण वाचता येत नाही."

हे वाक्य नानांना लागलं. पुढचे अठरा दिवस ओट्यावर, आणि फोनवर रेखाताईंपुढेही, धुळ्याहून आलेला एकच वृत्तान्त वाचला जात होता. पहिली चूक स्पष्ट होती: फाइल सापडत नाही. फाइल तर जागेवर होती. नानांनी तेच सगळं आपल्या संगणकावर बांधून पाहिलं, निर्वेध झालं. पुन्हा पुसलं, पुन्हा बांधलं. एरवी प्रमाण मराठीत बोलणारे नाना चिडले की अहिराणीत शिरतात. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं, "हाई बठ्ठं बराबर शे, मंग अडकस कोठे?" म्हणजे, हे सगळं बरोबर आहे, मग अडतंय कुठे?

सोमवारी शाळा उघडणार होती. शनिवारी सकाळी नाना पिशवी घेऊन माझ्या दारात उभे राहिले. "ताई, धुळ्याला चला. पुस्तकाचा मजकूर तुम्हीच तपासलाय. तिथे शंका निघाली तर?" शंका निघणार नव्हती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरी मी निघाले. पारोळ्याच्या पुढे बसच्या खिडकीतून नांगरलेल्या काळ्या मातीचा तापलेला, किंचित गोडसर वास येत होता. नाना मांडीवर कागद ठेवून ओठांतल्या ओठांत चुका म्हणत होते. शेजारच्या गृहस्थांनी आदराने पाय आखडून घेतले.

शाळेच्या खोलीत नव्या प्लॅस्टिकचा वास होता. नाना पूर्वी एकदा येऊन गेले होते; रेखाताईंनी त्यांना पावलांवरूनच ओळखलं. "नाना, तुम्ही डाव्या पायावर भार कमी देता." नाना लाजले आणि लगेच कामाला लागले. दुपारपर्यंत त्यांनी सगळं दोनदा पुसलं, दोनदा नव्याने मांडलं. तीच चूक, तेच वऱ्हाड. शेवटी त्यांनी कागद उघडला आणि आपल्या लयीत वाचायला सुरुवात केली.

रेखाताई मान किंचित कलती ठेवून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "नाना, तुम्ही गाळून वाचता."

बत्तीस वर्षांत हा आरोप त्यांच्यावर कुणी केला नव्हता. "मी? एक अक्षर गाळत नाही."

"अक्षर नाही गाळत. थांबा, माझ्या मशीनकडून ऐका." पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा संगणकातला आवाज त्यांनी सुरू केला. तो कोरडा, निर्विकार आवाज फाइलचा पत्ता वाचू लागला आणि मध्येच म्हणाला, "क्वेश्चन, क्वेश्चन, क्वेश्चन, क्वेश्चन." पुढच्या ओळीतही तेच. प्रत्येक ओळीत तेच.

"ती नुसती चिन्हं आहेत, मॅडम. छपाईत येतात अशी."

"दर वेळी चारच कशी येतात? मला वाटलं होतं, पद्धतच असेल. पण तुम्ही कधी म्हणत नाही ती."

नाना पडद्याजवळ वाकले. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. पेन ड्राइव्हवरचं सर्व काम ज्या फोल्डरमध्ये होतं, त्याचं नाव नानांनी देवनागरीत ठेवलं होतं: श्री. वहीच्या पहिल्या पानावर, लग्नपत्रिकेवर, किराणा मालाच्या यादीवर आपण जे आधी लिहितो, तेच त्यांनी इथेही लिहिलं होतं. त्यांच्या संगणकाला ते वाचता येत होतं. शाळेच्या संगणकावरच्या बिल्डच्या साधनाला येत नव्हतं. संगणकाच्या हिशेबी श्री म्हणजे श, हलन्त, र आणि वेलांटी अशी चार चिन्हं; ते साधन त्या जागी चार प्रश्नचिन्हं टाकून भलत्याच पत्त्यावर फाइल शोधत होतं.

"म्हणजे पहिली चूक माझी," नाना म्हणाले.

"आणि आम्ही सगळे वऱ्हाड," रेखाताई म्हणाल्या. "अठरा दिवस जेवलो तुमच्या मांडवात."

नाव बदलायला नानांचा हात धजावेना. बोट कळफलकावर अधांतरी राहिलं. मग त्यांनी ते पुसलं आणि तिथेच इंग्रजी अक्षरांत श्री लिहिलं. देवही राहिला, कामही अडलं नाही. बिल्ड सुरू झाला आणि एकही चूक न दाखवता संपला. थोड्या वेळाने छपाईयंत्र तडतडू लागलं, तापल्या कढईत ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसं. पहिला जाड कागद बाहेर आला तेव्हा रेखाताईंनी त्यावरून बोटं फिरवली, दुसरी ओळ पुन्हा चाचपली आणि मान हलवली. अकरा प्रती पुऱ्या होईपर्यंत नाना यंत्राशेजारून उठले नाहीत.

निघताना रेखाताई फाटकापर्यंत आल्या. "सुटलात नाना. आता नाही तुम्हाला त्रास देणार."

नानांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मॅडम, एक विनंती होती. चालू असलं तरी कळवत जा."

"काय कळवू?"

"चालू आहे, एवढंच."

बसमध्ये नानांनी पिशवी मांडीवर घेतली. मग स्वतःहून म्हणाले, "इतकी वर्षं मी उत्तरं देतोय ताई. काम झालं की माणूस पुन्हा लिहीत नाही. बरोबरच आहे त्याचं. काम झालं ना." एरंडोल येईपर्यंत ते बाहेर बघत राहिले. घरी त्यांची वाट पाहणारं कुणी नव्हतं; वहिनी जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि तिसऱ्या खेपेचा तो चहा बहुतेक दिवस ते एकटेच पितात, हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी त्यांच्याकडे धुळ्याहून एक जाडजूड पाकीट आलं. आत शाईचा एक थेंब नव्हता. चार पानं, नुसते ठिपके. मी संध्याकाळी गेले तेव्हा नाना खिडकीशी डोळे मिटून बसले होते आणि तर्जनी कागदावरून मुंगीच्या गतीने सरकत होती.

"काय लिहिलंय?"

"अजून 'ती. नाना' एवढंच झालंय."

"अहो, ठिपके तर तुम्हाला तोंडपाठ आहेत. डोळे उघडून बघा की, पाच मिनिटांत होईल वाचून."

नानांनी डोळे उघडले नाहीत. "म्हणूनच ताई," ते म्हणाले. "डोळ्यांनी वाचलं तर आजच संपेल."