टॅबपुढचं गाऱ्हाणं

आमच्या शाळेत टॅब चालू करण्याआधी गाऱ्हाणं घातलं जातं. खोटं वाटत असेल तर धामापूरच्या पुढे आमच्या वाडीत या. नऊ पोरं हात जोडून उभी, मधे टेबलावर टॅब, आणि सगळ्यांच्या पुढे आमचे घाडी गुरुजी.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या पोरांचे जे काय मार्क आमी वर धाडतंव, ते वाटेत खंय अडकाक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" नऊ गळे एकदम.

"आणि टावरार जा काय माकाड बसला आसात, ता खाली उतरव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

देवळात गावाचं मागणं देवापुढे मांडायचा मान गुरुजींच्या घराण्यात. तेव्हा ही सवय रक्तातच असणार, असं मी धरून चालले होते. पण किती ती सवय! पाढे त्याच सुरात, हजेरी त्याच सुरात. मला चहा हवा का, हेसुद्धा, "बाईंची जी काय चायची तलफ आसात, ती पुरी कर रे म्हाराजा!" पोरं व्हय म्हणून मोकळी. मी कपाळावर हात मारून घ्यायची, आणि घरी जाऊन नवऱ्याला नक्कल करून दाखवायची.

मी शाळेतली तंत्रस्नेही शिक्षिका. हे मी म्हणत नाही, भिंतीवरचं प्रमाणपत्र म्हणतं. गुरुजी मात्र ऑनलाइन बैठकीत माईक बंद ठेवून नुसता अंगठा दाखवायचे. ओरोसच्या जिल्हा ऑफिसातून साहेबांनी काही विचारलंच, तर उत्तर कागदावर लिहून कॅमेऱ्यापुढे धरायचे. घाबरतात यंत्राला, मी मनात म्हणायची. दोन शिक्षकांची शाळा, त्यात यंत्राचं सगळं माझ्याच गळ्यात. धुसफुसणार नाही तर काय!

यंदा वाचनाची परीक्षाच टॅबवर आली. मुलाने एक मिनिट वाचायचं, टॅब ऐकणार आणि हिरवा किंवा लाल शेरा देणार. मधे थांबलं की चूक. आता आमची चौथीतली मानसी. गोठ्यातल्या वासराशी तासभर गप्पा मारील, पण माणसासमोर पहिल्याच अक्षराला अडते. धडा तिला तोंडपाठ होता हो! पण ते टॅबला कोण सांगणार? दोनदा लाल आला. तिसऱ्या दिवशी ती शाळेत आलीच नाही. मी घरी गेले तर गोठ्याच्या दारात उभी राहून म्हणाली, "मा... माका नको ती शाळा."

तिसरी संधी शेवटची होती. पुन्हा लाल आला असता, तर "वाचता येत नाही" हा शिक्का घेऊन पोर पाचवीला दुसऱ्या गावच्या शाळेत गेली असती. गेलीच असती तर.

त्या दिवशी गुरुजी स्वतः स्कूटरवर बसवून तिला घेऊन आले. मी ऑफिसचं दार लावलं, टॅब समोर ठेवला.

"को... को..." मानसीचे डोळे भरले.

तेवढ्यात दार ढकलून गुरुजी आत! मी भडकलेच. "गुरुजी, बाहेर व्हा बघू! आवाज चालत नाही!"

ऐकतात कसले. तिच्यासमोर उकिडवे बसले आणि सूर लावला, "आमच्या ह्या बायेन आज वाचूचा नाय, गाऱ्हाणा घालूचा रे म्हाराजा!"

मानसी फिस्सकन हसली. मग तिने हात जोडले. "कोल्हा रानात गेला रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" खिडकीतून आठ गळे गरजले.

टॅबने लगेच कळवलं: आसपास गोंगाट आहे, पुन्हा प्रयत्न करा.

गुरुजींनी खिडकीकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि मानसीला हळूच म्हणाले, "आता म्हाराजाक पोटात ठेवचो, सूर तेवढो भायर काढूचो रे म्हाराजा."

आणि काय सांगू! मानसी गाऱ्हाण्याच्या सुरात सरळ वाचत सुटली. एकेक वाक्य संपवून ती श्वास घेई, आणि खिडकीत आठ तोंडं एकदम आ वासत, बिनआवाजी. मी तोंडात ओढणी कोंबून उभी. मिनिट संपलं. हिरवा!

पोरांनी शाळा डोक्यावर घेतली. मानसीने टॅबलाच नमस्कार केला.

शाळा सुटल्यावर मी विचारलं, "गुरुजी, हे सुचलं कसं तुम्हाला?"

गुरुजी हसले, आणि मी इथे आल्यापासूनच्या तीन वर्षांत पहिल्यांदाच साधं बोलायला गेले. "मा... मा..." जबडा घट्ट झाला, मान ताठली, डोळे मिटले. हुबेहूब मानसी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. याच सुराची मी रोज घरी नक्कल करत होते.

मग त्यांनी सावकाश हात जोडले. "माका पण लानपणी ह्याच व्हता रे म्हाराजा. आज्याबरोबर देवळात गाऱ्हाणा घालताना तेवढी जीब सुटली, ती मियां परत बांधूक दिलंय नाय रे म्हाराजा."

पोरं घरी गेली होती. उत्तर द्यायला मी एकटीच होते.

"व्हय म्हाराजा!" मी म्हटलं. चांगलं मोठ्याने.