बाहेरून कुलूप, आत शिट्टी

आमच्या गल्लीत कॅमेरा बसवायचं ठरत होतं, तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. म्हटलं, कॅमेरा कशाला? मी आहे की!

उगीच फुशारकी नव्हती ती. सकाळी तुळशीला पाणी घालायला मी गॅलरीत उभी राहिले की कोण निघालं, कोण आलं, कोण रुसून बसलं, हे मला डोळे मिटून सांगता यायचं. समोरच्या सोमलिंगअण्णांच्या चपला कर्र कर्र करत कोपऱ्याकडं गेल्या, की मार्केट यार्डातलं त्यांचं गुळाचं दुकान आता उघडणार. शेजारच्या मुनव्वरची रिक्षा दम्याच्या माणसासारखी खोकून खोकून एकदाची सुरू झाली, की शाळेची पोरं निघाली. आणि सोमलिंगअण्णांच्या बायकोनं, रत्नव्वांनी, उंबऱ्याला पाणी लावलं, की त्यांना जरा सवड झाली.

आता तुम्ही म्हणाल, बाई चौकस दिसते! तसं नाही हो. मला कुणाच्या भानगडीत रस नाही. पण माझ्या व्रताला शेजारी लागतात!

श्रावणात रोज त्या त्या वाराची कहाणी सांगायची आणि मगच तोंडात घास घालायचा, असा माझा लग्नापासूनचा नेम आहे. कहाणी सांगायची म्हणजे ऐकणारं कुणीतरी पाहिजे. आमचे हे त्या कामाचे नाहीत. राजा शिकारीला निघेपर्यंत हे घोरायला लागतात! म्हणून मी शेजारपाजारचं माणूस गाठते, त्याच्या हातावर चार तांदळाचे दाणे ठेवते आणि सुरू करते. एकदा दाणे हातात घेतले की कहाणी संपेपर्यंत उठायचं नाही, अशी आमच्याकडची रीत.

माझा आवाज मुळात हळू. ऐकणाऱ्याला पुढं सरकून, कान देऊन बसावं लागतं. मला वाटायचं, रंगलेत! मग मीही जरा फुलवून सांगायची. राणी माहेरी निघाली की तिच्या माहेरचं सांगायचं, त्यावरून माझ्या माहेरचं, त्यावरून आमच्या थोरल्या जाऊबाईंचं. आता राणीला एकटीला कसं पाठवायचं? माणसं नंतर काही न बोलता उठायची. मी समजायची, भरून आलंय.

या श्रावणात मात्र गल्लीचं काहीतरी बिनसलं.

पहिल्यांदा मुनव्वरची रिक्षा खोकायची थांबली. मी वाकून बघितलं, तर हा पठ्ठ्या रिक्षा ढकलत कोपऱ्यापर्यंत नेतोय! रोज! मला वाईट वाटलं. एवढा कमावता मुलगा आणि रिक्षा कायमचीच बिघडली.

मग सोमलिंगअण्णांच्या चपला गप्प झाल्या. कापशीहून खास करून आणलेल्या चपला त्या. त्यांचा आवाज अख्ख्या गल्लीला पाठ! आणि एके सकाळी बघते तर अण्णा अनवाणी, चपला काखेत, मांजरासारखे भिंतीकडंनं चाललेत! मी हाक मारली, "अण्णा, नवस केलाय का काही?" ते जागच्या जागी गोठले, मान हलवली आणि जवळजवळ पळालेच.

रत्नव्वा तर दिसेनाशाच झाल्या. एकदा दिसल्या त्या मागच्या बोळात, डोक्यावरून पदर घेतलेला. मला बघितल्याबरोबर पाण्याच्या टाकीमागं खाली बसल्या. मी बराच वेळ वाट बघितली. टाकीमागून पदराचं टोक दिसत होतं, पण बाई काही उठेनात!

इकडं माझे हाल. त्या आठवड्यात एक दिवस गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला मी कहाणी सांगितली. बिचारा खांद्यावरचा सिलिंडर खाली ठेवायचंही विसरला. राणीच्या माहेरपर्यंत तसाच उभा होता.

आणि मग ते कुलूप!

रत्नव्वांच्या दाराला बाहेरून भलं मोठं कुलूप. म्हटलं, गेल्या असतील कुठं. तेवढ्यात आतून कुकरची शिट्टी झाली! माझ्या हातातला तांब्या सुटला. बाहेर कुलूप, आत शिट्टी! दुसऱ्या दिवशी लपून बघितलं. सोमलिंगअण्णांनी दार ओढलं, कुलूप घातलं, ओढून बघितलं, किल्ली खिशात टाकली आणि चपला काखेत मारून सटकले. आत पुन्हा शिट्टी!

देवा पांडुरंगा! हा देवमाणूस बायकोला कोंडून जातो! म्हणून ती तोंड चुकवते. म्हणून पदर. म्हणून टाकीमागं लपते.

मी ह्यांना सांगितलं. हे पेपर वाचत होते.

"असेल काहीतरी," पेपरामागून आवाज आला.

"काहीतरी काय? बाईला कोंडतात ते!"

पेपर थरथरायला लागला. ह्यांचं मनही किती हळवं आहे, असं मला वाटलं.

रत्नव्वांचा भाऊ रुद्रेश गडहिंग्लजला असतो. दरवर्षी आम्हाला घनसाळ तांदूळ तोच आणून देतो, त्यामुळं नंबर होता. पण माझा आणखी एक नेम आड आला. श्रावणभर मी कुणाची निंदा करत नाही! तेव्हा निंदा होणार नाही अशा बेतानं बोलायचं ठरवलं.

"रुद्रेश, मी संयोगिताकाकू बोलते. तुझ्या अक्काच्या समोरची."

"बोला की काकू! तांदूळ पायजे व्हय?"

"तांदूळ नको. जमलं तर अक्काला एकदा बघून जा."

"का? काय झालं अक्काला? आजारी हाय काय?"

"मी काही बोलायची नाही बाबा. माझा श्रावण आहे."

"अवो, पण हाय कशी ती?"

"आहे ती कुलपात. बघ, गेलं तोंडातून! आता पुढं विचारू नको."

"कुलपात? कुणी घातलं कुलूप?"

"मी कुणाचं नाव घेतलं का? घेणारही नाही."

मग त्यानं विचारलं, "दाजी काय म्हणत्यात?"

"ते काय म्हणणार? चपला काखेत मारून जातात बिचारे."

'बिचारे' मी मुद्दाम म्हटलं. निंदा व्हायला नको!

दुसऱ्या दिवशी मी तुळशीला पाणी घालत होते आणि गल्लीत पिकअप शिरली. पुढं रुद्रेश, मागं भावकीतली पाच-सहा दांडगी माणसं, तालमीतून थेट उचलून आणल्यासारखी. आणि नेमके त्याच क्षणी सोमलिंगअण्णा दारात पाठमोरे! काखेत चपला, हातात किल्ली, नुकतंच कुलूप लावलेलं!

"दाजी!" रुद्रेशनं उडी मारली. "अक्का कुठं हाय?"

अण्णांनी त्याच्याकडं बघितलं, मग वर माझ्या गॅलरीकडं बघितलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "घरात कुणी न्हाई! गावाला गेलीया!"

आतून कुकरनं अशी लांबलचक शिट्टी मारली की बाकी काही बोलायची गरजच राहिली नाही.

रुद्रेशचा हात उठला. साऱ्या गल्लीनं ऐकला तो आवाज. सोमलिंगअण्णांच्या काखेतल्या चपला गळून खाली पडल्या. साठीला आलेला माणूस तो! गल्लीत सगळे त्यांना अण्णा म्हणतात, आणि मेव्हण्यानं दारात थोबाडीत मारलेली!

किल्ली हिसकावून दार उघडलं, तर रत्नव्वा हातात पळी घेऊन समोर उभ्या.

"रुद्रेशा! काय करालास रे?"

"तुला कोंडून घालत्यात व्हय हे? खरं सांग अक्का. भिऊ नको!"

"कोण कोंडतंय? मी आत स्वैपाक करालतो की रे!"

"मग कुलूप कशापायी?"

रत्नव्वांनी तोंड उघडलं. मग त्यांची नजर वर आली, माझ्यावर. आणि त्यांनी तोंड मिटलं. मी सोमलिंगअण्णांकडं बघितलं. तेही गाल धरून वर बघत होते, आणि गप्प. मला काही कळेना. मार खाऊन माणूस गप्प कसा राहतो?

मुनव्वरला मात्र थांबवेना. त्याची ढकलत आणलेली रिक्षा पिकअपमागं अडकली होती.

"ओ पावणं! गाडी काढा आधी! आणि त्या अण्णाला कशाला मारालाय? काकूंच्या कहाणीला चुकवायला हाय ते सगळं! हातावर तांदूळ पडलं की माणूस दुपारपातूर उठत न्हाई! मी रिक्षा का ढकलतोय वाटतंय तुमाला? व्यायाम म्हणून?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"आणि कुलूप?" रुद्रेशचा आवाज आता खाली आला होता.

"कुलूप आमचं न्हवं," सोमलिंगअण्णा हळूच म्हणाले. "दादांनी दिलंय. युक्ती बी त्यांचीच."

दादा म्हणजे आमचे हे! मी मागं वळले. खुर्चीवर पेपर होता. हे नव्हते.

खरं सांगते, मला राग यायला हवा होता. आला नाही. ही दोघं नवराबायको गल्लीसमोर अपमान गिळून उभी होती, कशासाठी? तर 'तुमच्या कहाणीचा कंटाळा येतो' हे मला ऐकावं लागू नये म्हणून! आणि कुणाची निंदा न करणाऱ्या मी त्यांच्यासाठी काय केलं होतं?

रुद्रेशनं अण्णांचे पाय धरले. अण्णांनी त्याला उठवलं, सगळ्यांना चहा पाजला. मला वाटलं, मिटलं!

कसलं मिटतंय? खरं काय ते गल्लीत राहिलं आणि थोबाडीत गावभर गेली! 'सोमलिंग बायकोला कोंडतो, मेव्हण्यानं धुतला!' मार्केट यार्डात गिऱ्हाईकं गूळ बघायच्या आधी अण्णांचा गाल बघायला लागली. अण्णा दुकानात पाठ करून बसतात, असं ह्यांनी मला सांगितलं. (हे संध्याकाळी परत आले होते. जेवण गरम मिळालं नाही.) ज्या माणसानं उभ्या जन्मात बायकोला एकेरी हाक मारली नाही, त्याच्या नावाला मी डाग लावला होता. रात्रभर डोळा लागला नाही.

सकाळी देवापुढं ठरवलं. आपण घातलेला घोळ आपणच निस्तरायचा. चारचौघांत गेलंय ना त्यांचं नाव? मग चारचौघांतच धुऊन द्यायचं!

मी मार्केट यार्डात गेले. अण्णांच्या दुकानापुढं हमाल, व्यापारी, शेतकरी, ही गर्दी! मी पदर सावरून उभी राहिले आणि म्हणाले, "सोमलिंगअण्णांचा काही दोष नाही."

"किती रवे पायजेत मावशी?" एका हमालानं गुळाच्या ढेपांवर हात ठेवून विचारलं.

"गूळ नको. अण्णांचा दोष नाही म्हणते मी."

"दोन म्हणालाय व्हय? ए, दोन रवे काढ रे!"

माझा आवाज! जन्मभर ज्याचं कौतुक केलं, तो हळू आवाज! एक ट्रॅक्टर भकभक करत गेला, पलीकडं कुणीतरी पुकारा करत होतं, आणि माझं बोलणं माझ्याच पदरात पडत होतं. शेवटी मी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा बेंबीच्या देठापासून ओरडले,

"ह्यांनी बायकोचा छळ केलेला नाही! सगळं माझ्यामुळं झालंय! ते माझ्यापासून लपत होते! मी रोज त्यांना गाठत होते! मी सोडत नव्हते त्यांना!"

ट्रॅक्टर नेमका तेव्हाच बंद पडला होता.

सगळं यार्ड माझ्याकडं बघत होतं. मग सगळ्यांनी मिळून अण्णांकडं बघितलं. समोरच्या दुकानातल्या म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "सोमलिंग... ह्या वयात?"

"कहाणी!" मी घाईनं म्हणाले. "कहाणी होती आमची!"

"तीच इचारालोय," म्हातारा म्हणाला.

सोमलिंगअण्णांनी कपाळावर हात मारला. "वैनी," ते अगदी शांतपणे म्हणाले, "घरला जावा."

मी घरी आले. दोन रवे गूळ मागोमाग आला.

तिन्हीसांजेला दार वाजलं. उघडलं, तर रत्नव्वा! पुढच्या दारानं, डोक्यावर पदर वगैरे काही नाही. डोळे लाल होते. रडून की हसून, ते मला आजही सांगता येणार नाही. मी पाय धरायला वाकले, तर त्यांनी मला वरच्या वर धरलं.

"वैनी, एक मागू?"

"मागा हो, काहीही मागा!"

"आता कुणाला काय समजावून सांगायला जाऊ नका. झालं एवढं बास झालं."

मी मान हलवली. मग त्या म्हणाल्या, "आणि सरळच सांगतो आता. तुमची कहाणी लई लांबती."

"अहो, मग हे आधीच सांगायचं नाही का?" मला रडू फुटलं. "एवढं सगळं झालंच नसतं!"

"सांगणार कवा वैनी? तुमी मधी बोलायला कुठं दिलंसा?"

त्यावर मला पुष्कळ बोलायचं होतं. अगदी पहिल्यापासून, नीट समजावून. पण मी एकदा रत्नव्वांच्या तोंडाकडं बघितलं आणि पाट मांडून गप्प त्यांच्यासमोर बसले.